जीपला गिऱ्हाईक परत मिळेल का?

२०१८ हे जीपचे अमेरिकेतले सर्वांत मोठे वर्ष. त्या बारा महिन्यांत तिथे ९ लाख ७३ हजार २२७ नव्या जीप विकल्या गेल्या. २०२४ पर्यंत पुढचे प्रत्येक वर्ष मात्र आधीच्या वर्षापेक्षा वाईट गेले. २०१९ मध्ये विक्री सव्वानऊ लाखांच्या आसपास आली, २०२२ मध्ये सात लाखांच्या खाली गेली आणि २०२४ मध्ये ५ लाख ८८ हजारांच्या घरात येऊन पोचली. सलग सहा वर्षे घसरण झाली. दहा गिऱ्हाइकांतली चार निघून गेली.

या काळात अमेरिकी माणसाने एसयूव्ही घेणेच सोडले असते, तर या आकड्यांचे नवल वाटले नसते. घडले ते उलट. लोक सेडान सोडून उंच, ऐसपैस गाड्यांकडे वळत होते. फोर्डने तर २०१८ मध्येच जाहीर केले, की अमेरिकेत मस्टंग वगळता आपण सेडान आणि हॅचबॅक विकणार नाही. एकूण नव्या गाड्यांचा बाजार २०१८ मधल्या सुमारे १ कोटी ७३ लाखांवरून २०२४ मध्ये १ कोटी ६० लाखांपर्यंत उतरला, म्हणजे साधारण आठ टक्क्यांनी. जीप उतरली चाळीस टक्क्यांनी. सुबारूचे उदाहरण इथे फार बोलके आहे. या जपानी कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेत ६ लाख ८० हजार गाड्या विकल्या आणि २०२४ मध्ये ६ लाख ६७ हजार. तिने काही मोठा पराक्रम केला नाही, फक्त आपली जागा सोडली नाही. तेवढ्यावर ती जीपच्या पुढे गेली.

नावाला एवढे वजन, डोंगर-चिखलाशी एवढे नाते आणि बाजाराचे वारेही पाठीशी असताना एखादा ब्रँड असा का घसरतो, आणि तो सावरू शकतो का? जीपच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे तिच्या स्वतःच्या शोरूममध्येच सापडते. दुसऱ्याचे उत्तरही तिथूनच सुरू होते.

त्यासाठी आधी ही गाडी जन्मली कशी ते पाहायला हवे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स जर्मनीच्या हाती पडला आणि अमेरिकी लष्कराला हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या टेहळणी गाडीची निकड भासली. लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. अट अशी होती, की पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करायचा. बहुतेकांना ही अट अशक्य वाटली. ती स्वीकारली पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या जवळपास बुडालेल्या कंपनीने. तिने डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपता संपता, बँटमची गाडी बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड इथे लष्करापुढे उभी राहिली.

पुढची गोष्ट बँटमसाठी कडू आहे. एवढी छोटी कंपनी हजारो गाड्या कशा बनवणार, या शंकेने लष्कराने तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याही हाती दिले. ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलीजकडे बार्नी रूस या अभियंत्याने घडवलेले साठ अश्वशक्तीचे दणकट इंजिन होते. त्या इंजिनाने बाजी मारली. फोर्डने लोखंडी पत्रा दाबून समोरची स्वस्त जाळी बनवली आणि उभ्या खाचांचा तो चेहरा जीपचा कायमचा चेहरा झाला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या होत्या. ज्या बँटमने ही गाडी घडवली, तिच्या वाट्याला अडीच-पावणेतीन हजार गाड्या आणि पुढे ट्रेलर बनवण्याचे काम आले.

१९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी आणि कामकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली. तेव्हापासून आजवर जीपचे मालक किती वेळा बदलले याचा हिशेब मांडला, तर अमेरिकी मोटार उद्योगाचा अर्धा इतिहास त्यात येतो. १९५३ मध्ये ती कायझरकडे गेली. १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने ती घेतली. पुढे त्या कंपनीत फ्रान्सच्या रेनोने मोठा हिस्सा घेतला. १९८७ मध्ये ली आयाकोका यांच्या क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स विकत घेतली, आणि त्या सौद्यात त्यांना सगळ्यांत जास्त हवी होती ती जीपच. १९९८ मध्ये डाइमलर, २००७ मध्ये सर्बेरस ही गुंतवणूक कंपनी, २००९ मध्ये क्रायस्लरची दिवाळखोरी आणि फियाटचा प्रवेश, आणि २०२१ पासून फियाट-क्रायस्लर व फ्रान्सचा पीजो समूह एकत्र येऊन झालेली स्टेलँटिस. या यादीतले बरेचसे मालक बुडाले किंवा दुसऱ्यात विलीन झाले. जीप प्रत्येक वेळी वाचली, आणि अनेकदा तिनेच मालकाला काही वर्षे जगवले.

कसे जगवले, तेही पाहू. १९८४ चे मॉडेल म्हणून आलेली चेरोकी ही जीपची खरी क्रांती होती. तोवरच्या मोठ्या जीप म्हणजे शिडीसारख्या जाडजूड चासीवर बसवलेली अवजड शरीरे. अमेरिकन मोटर्सच्या अभियंत्यांनी चेरोकीत चासी आणि बॉडी एकच केली. गाडी हलकी झाली, आकाराने आटोपशीर झाली, चार दारांची आली आणि तरीही डोंगरात चालली. शहरातल्या कुटुंबाने रोजच्या वापरासाठी जीप घ्यावी, ही कल्पना तिने रूढ केली. या एका आराखड्याच्या अठ्ठावीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. मग जानेवारी १९९२ मध्ये क्रायस्लरचे अध्यक्ष बॉब लुट्झ यांनी डेट्रॉइटचे महापौर कोलमन यंग यांना शेजारी बसवून नवी ग्रँड चेरोकी कोबो हॉलच्या पायऱ्यांवरून वर चढवली आणि काचेची भिंत फोडून प्रदर्शनात घुसवली. त्या तमाशाची चर्चा आजही होते. त्यामागची गाडी मात्र तमाशाची नव्हती. क्रायस्लरला पुढची कित्येक वर्षे तिने भरघोस नफा मिळवून दिला.

जीपचा अलीकडचा मोठा चढ सर्जिओ मार्किओने यांच्या काळातला. २००९ मध्ये फियाटने क्रायस्लर ताब्यात घेतली, तेव्हा जगभरात मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या आत जीप विकल्या जात होत्या. मार्किओने आणि जीपचे तेव्हाचे प्रमुख माइक मॅन्ली यांनी एक साधा विचार केला. जीपची ओढ जगभर आहे, पण परवडणारी जीप जगात जवळपास कुठेच नाही. मग फियाटच्या छोट्या गाड्यांचा पाया वापरून त्यांनी रेनेगेड काढली, ती इटलीतल्या मेल्फीत बनू लागली. पाठोपाठ नवी कंपास आली आणि तिचे उत्पादन एकाच वेळी चार देशांत बसवले गेले: ब्राझीलमध्ये गोयाना, मेक्सिकोत तोलुका, चीनमध्ये ग्वांगझो आणि भारतात पुण्याजवळचे रांजणगाव. २०१४ मध्ये जगभरची विक्री दहा लाखांपार गेली. २०१८ मध्ये ती पंधरा लाखांच्या पुढे होती. मार्किओने यांनी ठेवलेले एकोणीस लाखांचे लक्ष्य गाठले गेले नाही. तरी नऊ वर्षांत चौपटीहून जास्त वाढ ही मोटार उद्योगात क्वचित दिसणारी गोष्ट आहे. जुलै २०१८ मध्ये मार्किओने यांचे निधन झाले.

आता २०१८ ची अमेरिकेतली विक्री मॉडेलनुसार उलगडून पाहा, कारण घसरणीचे मूळ त्या बेरजेत आहे. रँगलर २ लाख ४० हजार. चेरोकी जवळपास तेवढीच, २ लाख ३९ हजार. ग्रँड चेरोकी २ लाख २५ हजार. कंपास १ लाख ७१ हजार. रेनेगेड ९७ हजार. पुढच्या काळात यांतली चेरोकी आणि रेनेगेड ही दोन मॉडेल अमेरिकेत बंद झाली, दोन्हींची अखेर २०२३ मध्ये झाली. २०१८ मध्ये या दोघींच्या मिळून ३ लाख ३६ हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. २०१८ ते २०२४ या काळात जीपची एकूण घट आहे ३ लाख ८५ हजारांची. दरम्यान रँगलर आणि कंपास यांचीही विक्री उतरली, आणि ग्लॅडिएटर पिकअप व वॅगनियर या नव्या गाड्यांनी त्यातली काही घट भरून काढली. ग्रँड चेरोकी तर दोन लाखांच्या वर टिकून राहिली. म्हणजे लोकांनी जीपकडे सरसकट पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. जी गाडी ते घेत होते, तीच कंपनीने दुकानातून काढून टाकली.

हे कोणी मुद्दाम का करेल? त्या वेळचे गणित वेगळे दिसत होते. २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा होता, गाड्या कमी आणि गिऱ्हाइके जास्त होती. जी काही गाडी बाहेर पडेल ती मागाल त्या किमतीला जात होती. अशा वेळी कारखान्यातली प्रत्येक चिप स्वस्त रेनेगेडपेक्षा महाग ग्रँड चेरोकीत बसवणे फायद्याचे होते. स्टेलँटिसचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस ताव्हारेस हे खर्च कापण्यात अत्यंत कडक. त्यांच्या हाताखाली उत्तर अमेरिकेतला नफ्याचा दर दोन आकडी झाला आणि २०२३ मध्ये समूहाने १८.६ अब्ज युरोचा विक्रमी निव्वळ नफा दाखवला. दरम्यान ग्रँड वॅगनियर आली होती, जिच्या वरच्या मॉडेलची किंमत एक लाख डॉलर ओलांडत होती. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी इलिनॉयमधल्या बेल्विडिअरचा, चेरोकी बनवणारा कारखाना थांबवण्यात आला. हजाराहून अधिक कामगारांच्या घरची चूल त्यावर अवलंबून होती.

मग चिपचा तुटवडा संपला, सगळ्यांच्या गाड्या बाजारात परतल्या आणि कर्जाचे व्याज सात टक्क्यांच्या घरात गेले. अमेरिकेत बहुतेक माणसे गाडीची किंमत विचारण्याआधी महिन्याचा हप्ता विचारतात. त्या हप्त्यात बसणारी जीप आता उरली नव्हती. यात लीजची पद्धत आणखी घाव घालते. तिथे असंख्य लोक गाडी तीन वर्षांच्या भाड्याने घेतात आणि मुदत संपली की त्याच डीलरकडे जुनी परत करून नवी नेतात. २०२१ मध्ये चेरोकी लीजवर घेतलेले कुटुंब २०२४ मध्ये शोरूममध्ये आले, तेव्हा तिथे चेरोकी नव्हती. एक तर लहान कंपास घ्या, नाही तर दहा-पंधरा हजार डॉलर जास्त टाकून ग्रँड चेरोकी घ्या, असे दोनच पर्याय होते. अनेकांनी तिसरा पर्याय निवडला आणि ते रस्त्यापलीकडच्या होंडा किंवा टोयोटाच्या दुकानात गेले. टोयोटाची आरएव्ही-४ ही एकटी गाडी २०२४ मध्ये अमेरिकेत ४ लाख ७५ हजार विकली गेली. जीपची सगळी मॉडेल मिळून जेवढी खपली, त्याच्या ऐंशी टक्के खप या एकाच मॉडेलचा.

डीलरांच्या अंगणात महागड्या गाड्या साचत गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टेलँटिसच्या अमेरिकी डीलरांच्या राष्ट्रीय मंडळाने ताव्हारेस यांना उघड पत्र लिहून ब्रँडांच्या ऱ्हासासाठी त्यांच्या धोरणाला जबाबदार धरले. १ डिसेंबर २०२४ रोजी ताव्हारेस यांनी राजीनामा दिला. त्या वर्षी समूहाचा नफा साडेपाच अब्ज युरोवर आला होता, म्हणजे एका वर्षात सत्तर टक्क्यांची घट.

रँगलरचे दुखणे थोडे निराळे आहे. ही गाडी युद्धातल्या जीपची थेट वारस. दारे काढता येतात, छत काढता येते, समोरची काच आडवी पाडता येते. वर्षानुवर्षे तिला बरोबरीची स्पर्धाच नव्हती. २०२१ मध्ये फोर्डने ब्रॉन्को नव्याने आणली, तीही दारे आणि छत काढता येणारी, आणि रँगलरची मक्तेदारी संपली. रँगलरची विक्री २०१८ मधल्या २ लाख ४० हजारांवरून २०२४ मध्ये दीड लाखावर आली.

त्यात प्लग-इन हायब्रिडचा डाव फसला. रँगलर ४एक्सईमध्ये पेट्रोल इंजिनाला विजेची मोटर आणि १७ किलोवॅट-तासांची बॅटरी जोडलेली होती. रात्री घरी चार्ज केली की पस्तीसएक किलोमीटर ती फक्त विजेवर चाले. कल्पना चांगली होती आणि काही काळ ही अमेरिकेतली सर्वाधिक विकली जाणारी प्लग-इन गाडी होती. पण या विक्रीला सरकारी करसवलतीचा मोठा टेकू होता. लीजवर दिलेल्या गाडीमागे साडेसात हजार डॉलरची सवलत मिळे. ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्याहून वाईट म्हणजे बॅटरीला आग लागण्याच्या घटनांमुळे वारंवार रिकॉल करावे लागले. नोव्हेंबर २०२५ मधल्या रिकॉलमध्ये अमेरिकेतल्या ३ लाख २० हजार रँगलर आणि ग्रँड चेरोकी ४एक्सई आल्या, आणि मालकांना सांगण्यात आले, की गाडी चार्ज करू नका आणि घरापासून दूर, उघड्यावर उभी करा. चाळीस-पन्नास हजार डॉलर मोजलेल्या माणसाला असे सांगावे लागणे, ही कोणत्याही जाहिरातीने भरून न निघणारी हानी आहे. २०२६ च्या सुरुवातीला कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या प्लग-इन गाड्या बंद करत असल्याचे जाहीर केले.

दर्जा हा जीपचा जुना कमकुवत दुवा आहे. विश्वासार्हतेच्या अमेरिकी पाहण्यांत तिचे नाव बहुधा खालच्या बाजूला असते. ज्याला दरवर्षी उटा राज्यातल्या मोआबच्या खडकांत गाडी न्यायची आहे, तो गाडीचे हे हट्ट सहन करतो. मुलांना शाळेत सोडायला गाडी घेणारा सहन करत नाही. आणि जीपला हवी असलेली तीन-चार लाख गिऱ्हाइके या दुसऱ्या प्रकारचीच आहेत.

या सगळ्या कथेशी महाराष्ट्राचा संबंध ऐंशी वर्षांचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कैलाशचंद्र महिंद्र वॉशिंग्टनमध्ये भारताच्या खरेदी मोहिमेचे काम पाहत होते. तिथे त्यांची गाठ विलीजच्या बार्नी रूस यांच्याशी पडली. १९४७ मध्ये मुंबईत सुटे भाग जोडून पहिल्या ७५ विलीज जीप तयार झाल्या आणि महिंद्र कंपनीचा मोटार व्यवसाय सुरू झाला. पुढची चार-पाच दशके महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सरकारी दौऱ्यांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापपर्यंत जी गाडी धावली, ती या विलीजच्याच वंशातली.

हे दोन वंशज २०१८ मध्ये अमेरिकेतच समोरासमोर आले. महिंद्रने मिशिगनमध्ये रॉक्सर ही छोटी, शेतावर वापरायची ऑफ-रोड गाडी काढली. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की ही गाडी दिसायला हुबेहूब जीप आहे. जून २०२० मध्ये आयोगाने जीपच्या बाजूने निकाल देत रॉक्सरच्या त्या रूपाच्या विक्रीला मनाई केली. महिंद्रला तिचा चेहरा बदलावा लागला. स्वतःच्या रूपाबद्दल जीप किती दक्ष आहे, हे यातून कळते. किमतीबद्दल आणि दर्जाबद्दल तिने एवढी दक्षता दाखवली असती तर आजची वेळ आली नसती.

भारतातही तिने हाती आलेली संधी सोडली. ३१ जुलै २०१७ रोजी रांजणगावला बनलेली कंपास १४ लाख ९५ हजार रुपयांपासून बाजारात आली आणि लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले. वर्ष पुरे व्हायच्या आत पंचवीस हजारावी कंपास कारखान्यातून बाहेर पडली. इथून ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपानलाही गेली. पण त्यानंतर कंपनीने या बाजारात परवडणारी दुसरी गाडी आणलीच नाही. कंपासचीच किंमत वाढत राहिली. दरम्यान रांजणगावलाच बनणारे तेच फियाटचे दोन लिटरचे डिझेल इंजिन जानेवारी २०१९ पासून टाटाच्या हॅरिअरमध्ये मिळू लागले. गाडी कंपासपेक्षा मोठी आणि सुरुवातीची किंमत १२ लाख ६९ हजार. एमजीच्या हेक्टरनेही तेच इंजिन घेतले. इकडे नाशिकला बनणाऱ्या महिंद्रच्या नव्या थारने जीपच्या रूपाची हौस कमी पैशांत भागवली. आज जीपची भारतातली विक्री महिन्याला काही शेकड्यांत मोजावी लागते. चीनमध्ये तर याहून वाईट झाले. २०१७ मध्ये तिथे दोन लाखांच्या आसपास जीप खपल्या होत्या, आणि २०२२ मध्ये तिथली भागीदारीतली कंपनी दिवाळखोरीत निघाली. तीन देशांत कारणे थोडी वेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे. पहिल्या यशानंतर गिऱ्हाइकाला पुढची परवडणारी गाडी मिळाली नाही.

जीपचे भवितव्य तोलताना ओल्ड्समोबिलची आठवण काढणे भाग आहे. १८९७ मध्ये रॅन्सम ओल्ड्स यांनी लान्सिंगमध्ये स्थापन केलेला हा अमेरिकेतला अत्यंत जुना ब्रँड. १९८५ मध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. डिसेंबर २००० मध्ये जनरल मोटर्सने तो बंद करण्याचे जाहीर केले आणि २००४ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. दहा लाखांवरून शून्यावर यायला वीस वर्षेही लागली नाहीत. त्याच्या मागेपुढे प्लिमथ, पाँटिअ‍ॅक, सॅटर्न आणि मर्क्युरी हेही गेले. ओल्ड्समोबिल मेले, कारण त्याच कारखानदाराच्या ब्यूइक आणि शेव्हरोलेपासून ते वेगळे ओळखूच येईना. बिल्ला बदलला की गाडी तीच.

जीपला हा आजार नाही. सात उभ्या खाचांचा चेहरा लहान मूलही ओळखते. मोआबला १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरतो. २०२० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत एका महिलेने अनोळखी जीपवर रबरी बदक ठेवले आणि जीपवाल्यांनी एकमेकांच्या गाड्यांवर बदके ठेवण्याची रीत खंडभर पसरली. ज्या ब्रँडच्या मालकांत आपसात असे सख्य असते, तो ब्रँड मनातून उतरलेला नसतो. म्हणूनच जीपचा प्रश्न व्यापाराचा आहे आणि व्यापारी उपायांनी सुटण्यासारखा आहे.

ते उपाय सुरू झाले आहेत. २०२३ च्या अखेरीस अँतोनियो फिलोसा जीपचे प्रमुख झाले. आधी दक्षिण अमेरिकेतला कारभार त्यांनी उत्तम सांभाळला होता. त्यांनी काही मॉडेलच्या किमती खाली आणल्या. जून २०२५ मध्ये तेच साऱ्या स्टेलँटिसचे प्रमुख झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये नवी चेरोकी दाखवण्यात आली. तिच्यात १.६ लिटरचे टर्बो इंजिन आणि दोन विद्युत मोटरी असलेली साधी हायब्रिड रचना आहे. प्लग लावण्याची गरज नाही, मायलेज लिटरला साधारण साडेपंधरा किलोमीटर, फोर-व्हील ड्राइव्ह सगळ्या मॉडेलमध्ये. ऑक्टोबरमध्ये कंपनीने अमेरिकेत चार वर्षांत तेरा अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. त्यातले साठ कोटी डॉलरहून अधिक बेल्विडिअरचा बंद कारखाना पुन्हा उघडण्यासाठी आहेत. २०२७ मध्ये तिथे चेरोकी आणि कंपास बनू लागतील असे ठरले आहे. २०२३ च्या संपानंतर मोटार कामगार संघटनेने याच कारखान्यासाठी करारात कंपनीकडून शब्द घेतला होता.

अडचणी आहेतच. चेरोकी सध्या मेक्सिकोतल्या तोलुकात बनते आणि एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर अमेरिकेने पंचवीस टक्के शुल्क लावले आहे. गाडीतला अमेरिकी बनावटीचा भाग वगळून ते आकारले जात असले तरी बोजा राहतोच. चेरोकीची सुरुवातीची किंमत वाहतूक खर्चासह ३७ हजार डॉलरला टेकते. आरएव्ही-४ आणि होंडाची सीआर-व्ही याहून काही हजारांनी स्वस्त मिळतात. आरएव्ही-४ आता फक्त हायब्रिड रूपातच विकली जाते आणि मायलेजमध्ये ती चेरोकीच्या पुढे आहे. तीन वर्षे हा कोपरा जीपने रिकामा ठेवला. त्या काळात गेलेले कुटुंब टोयोटावर खूश असेल, तर केवळ सात खाचा पाहून ते परत येणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नव्या गाडीची सरासरी किंमत प्रथमच ५० हजार डॉलरवर गेली. अशा बाजारात ३० हजारांच्या आतली गाडी आणू शकणाऱ्याला मैदान मोकळे आहे. अमेरिकेत रेनेगेडच्या जागी अजून कोणतीच गाडी आलेली नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हीच सध्याच्या योजनेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

म्हणून अंदाज बांधायचा तर तो असा. चेरोकीने आपल्या जुन्या खपाचा निम्मा भाग जरी परत मिळवला आणि ग्रँड चेरोकी आहे तिथे राहिली, तर अमेरिकेतली जीपची विक्री दोन-तीन वर्षांत सात लाखांपर्यंत जाऊ शकते. २०१८ चा पावणेदहा लाखांचा आकडा या दशकात परत दिसण्याची शक्यता कमी आहे, कारण त्या वेळी रँगलरपुढे ब्रॉन्को नव्हती आणि कर्ज स्वस्त होते. नव्या चेरोकीच्या पहिल्या दोन वर्षांत मोठा रिकॉल झाला, किंवा एका तिमाहीचा नफा वाढवण्यासाठी तिची किंमत पुन्हा चढवली गेली, तर सात लाखही हाती येणार नाहीत. जीप सावरू शकते, पण त्यासाठी स्टेलँटिसने बेल्विडिअरची २०२७ ची तारीख पाळली पाहिजे आणि स्वस्त मॉडेल पुन्हा मध्येच सोडता कामा नये.